परीला लोखंड का सोसत नाही?

माझी नात १७ वर्षांची आहे आणि ती कादंबरी लिहिते आहे. मराठीत. कादंबरीत पऱ्या आहेत, तलवारी आहेत, एक राज्य आहे, आणि त्या राज्याचा नकाशा तर कादंबरीच्या आधीच तयार झाला आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला विचारलं, "आज्जी, परीला लोखंड लागलं की नक्की काय होतं गं? भाजतं, विष चढतं, की ती नुसतीच पळून जाते?"

मी ३१ वर्षं अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवलं. लोखंड गंजतं कसं, पोलादाला पाणी देतात म्हणजे काय करतात, बीड ठिसूळ का असतं, हे प्रश्न हजारो मुलांना घातले. हा प्रश्न मात्र मला कुणी कधी घातला नव्हता. मी हसले. ती हसली नाही, कारण तिची अडचण खरी होती. तिनं वाचलेल्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांत परीला लोखंड चालत नाही, म्हणून तिनंही तो नियम उचलला होता. आणि नायकाच्या कमरेला लोखंडी तलवार असल्यामुळे तिसऱ्याच प्रकरणात सगळ्या पऱ्या संपल्या होत्या. "आता पुढची बावीस प्रकरणं मी काय लिहू?" ती म्हणाली.

तिच्यासाठी म्हणून मी वाचायला बसले आणि मग माझ्यासाठीच वाचत राहिले.

पहिल्यांदा ‘परी’ हा शब्दच थोडा बाजूला ठेवावा लागतो. आपली परी फारसीतून आलेली. पंखांची, गोरीपान, नवस पुरवणारी. लोखंडाला भिणारी जी मंडळी आहेत ती स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्सच्या गावांबाहेर टेकड्यांच्या पोटात राहणारी. त्यांची गुरं असतात, लग्नं होतात, भांडणं होतात. लोक त्यांचं खरं नाव घेत नसत. ‘भली मंडळी’, ‘शेजारी’ असं म्हणत. आपल्याकडे रात्री सापाचं नाव न घेता ‘लांबडं’ म्हणतात ना, तसंच. भली म्हणायचं ते ती भली नव्हती म्हणूनच. ती दूध नासवत, गुरं आजारी पाडत, आणि मुख्य म्हणजे माणसं नेत. ओली बाळंतीण नेत, तिचं तान्हं नेत, आणि त्याच्या जागी आपलं किरकिरं, कितीही पाजलं तरी अंग न धरणारं पोर ठेवून जात.

रॉबर्ट कर्क नावाचे एक पाद्री स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफॉइल गावी होते. १६९१ च्या सुमारास त्यांनी या मंडळींविषयी एक छोटं पुस्तक लिहिलं. ते छापलं गेलं १८१५ मध्ये, म्हणजे कर्क वारल्यावर सव्वाशे वर्षांनी. पाद्री असूनही कर्क या लोकांची टिंगल करत नाहीत. शेजारच्या गावाची माहिती द्यावी तशी ते माहिती देतात. बाळंतिणीच्या अंथरुणात पाव, बायबल किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात, म्हणजे तिला कुणी नेत नाही, असं ते सांगतात. कारणही देतात. लोहचुंबक उत्तरेकडे वळतो, नरक त्याच दिशेला आहे, आणि त्या तीक्ष्ण नाकाच्या मंडळींना लोखंडावरून त्या जागेची आठवण होऊन कापरं भरतं. धातुशास्त्राच्या परीक्षेत या उत्तराला मी गुण दिले नसते. पण वाचता वाचता मी पुस्तक मिटून ठेवलं, ते बाळंतिणीच्या अंथरुणातल्या लोखंडापाशी. ते मी स्वतः पाहिलेलं आहे. त्याविषयी नंतर सांगते.

जुन्या गोष्टींत लोखंड त्या मंडळींना सहसा मारत नाही. नातीच्या कादंबरीची चूक तिथं होती. आयला बेटावरची एका लोहाराची गोष्ट १८६० पासून छापल्या गेलेल्या स्कॉटिश लोककथांच्या संग्रहात आहे. लोहाराचा मुलगा टेकडीतल्या लोकांनी नेलेला असतो. बाप बायबल, खंजीर आणि एक कोंबडा घेऊन निघतो. टेकडीचं दार उघडं असतं. तो आत शिरताना उंबऱ्यात खंजीर रोवतो. बस. लोखंड रोवलेलं दार त्या लोकांना लावून घेता येत नाही. एवढंच त्या लोखंडाचं काम. पोरगं घरी येतं, वर्षभर गप्प बसून राहतं, आणि एक दिवस बाप तलवार घडवत असताना त्याच्या हातातून ती काढून घेऊन म्हणतं, अशी नाही करायची. तिथं टेकडीत राहून ते बापापेक्षा चांगला लोहार झालेलं असतं! लोखंडाला भिणाऱ्यांच्या घरी ते लोहारकी कुठून शिकलं, हे गोष्ट सांगत नाही, आणि मला तर तेच आवडलं.

वेल्समधल्या गोष्टी वेगळ्या आहेत. जॉन रीस या भाषापंडितांनी त्या गोळा करून १९०१ मध्ये प्रसिद्ध केल्या. एक शेतकरी तळ्यातल्या किंवा डोंगरातल्या बाईशी लग्न करतो. अट एकच: तिला लोखंड लागता कामा नये. वर्षं जातात, मुलं होतात, संसार चांगला चालतो. मग एके दिवशी दोघं मिळून घोडा धरायला जातात, तो वैतागून लगाम फेकतो, आणि लगामाची लोखंडी कडी चुकून तिला लागते. ती भाजत नाही, किंचाळत नाही. ती नाहीशी होते. घोडा, लगाम, मुलं, सगळं जागच्या जागी.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं, लोखंड इथं हत्यार नाही, सीमा आहे. उंबऱ्यात रोवलं तर तिकडचं माणूस परत येतं, अंगाला लागलं तर इकडचं माणूस निघून जातं.

आता लोखंडच का? चांदी का नाही, तांबं का नाही? रोमचा प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेला आहे की थडग्यातून काढलेले खिळे उंबऱ्यात ठोकले की रात्रीचे भास होत नाहीत. म्हणजे प्रकरण जुनं आहे. १८७१ मध्ये एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञांनी असा विचार मांडला की पऱ्या काय, जिन काय, हे सारे अश्मयुगातले जीव. नवा धातू आला आणि तो त्यांना सोसेना. शेतात सापडणारी गारगोटीची बाणटोकं लोक ‘पऱ्यांचे बाण’ म्हणून जपत, हे त्याला धरून होतं. मग डेव्हिड मॅकरिची यांनी १८९० मध्ये पुढची पायरी गाठली: पऱ्या म्हणजे लोखंडवाल्यांनी हुसकून लावलेली एखादी खरीखुरी बुटकी जमात. ही कल्पना इतकी सुटसुटीत आहे की कादंबरीकारांनी ती अजून सोडलेली नाही. पुरातत्त्वात मात्र अशा जमातीचा माग लागलेला नाही. ब्रिटनमध्ये लोखंड आलं ते इ. स. पूर्व ८०० च्या आसपास, आणि ते तिथल्याच लोकांनी हळूहळू हाती घेतलं.

मला स्वतःला भट्टीचा विचार करावासा वाटतो. त्या काळच्या भट्टीत लोखंड वितळत नसे, तेवढी उष्णताच मिळत नसे. भट्टीतून निघे तो राखेनं माखलेला, मळीनं भरलेला एक सच्छिद्र गोळा. तो तापवायचा, घणानं ठोकायचा, मळ बाहेर काढायचा, पुन्हा तापवायचा. विळा होईपर्यंत दोन-तीन माणसांचे दिवसच्या दिवस त्यात जायचे. सोनं नदीत सापडतं, तांबं क्वचित शुद्ध सापडतं. लोखंड आकाशातून पडलेल्या उल्केचं असेल तरच आयतं, नाहीतर ते माणसानंच करायचं. घरातली सर्वांत जास्त ‘माणसाची’ झालेली वस्तू तीच. रानातल्या, पाण्यातल्या, टेकडीतल्या मंडळींना तिचा त्रास व्हावा, हे मला पटतं. सिद्ध काही करता येणार नाही.

इथं ‘थंड लोखंड’ या शब्दाविषयी चार वाक्यं सांगायला हवीत, कारण त्यानं फार घोटाळा केला आहे. इंग्रजीत ‘कोल्ड आयर्न’ म्हणजे तलवार-सुरीसारखं हत्यार; १७८५ च्या एका बाजारू शब्दांच्या कोशात तोच अर्थ दिलेला आहे. आपण ‘गार पाणी’ म्हणतो इतकंच ते थंड. पण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २००३ च्या नियमांत हा एक स्वतंत्र धातूच झाला: जमिनीत खोलवर सापडणारा, कमी तापमानाला घडवायचा, आणि दुप्पट किमतीचा. कमी तापमानाला लोखंड घडवायला गेलात तर त्याला चिरा पडतील, हे मी नातीला सांगितलं. ती म्हणाली, "आज्जी, तो खेळ आहे."

पण खेळाला नियम लागतात, आणि नियम केला की प्रश्न येतात. लोखंड म्हणायचं कशाला? धडधाकट माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोखंड असतं, बरंचसं रक्तात. मग माणसाच्या बाळाला कडेवर घेताना परीचा हात भाजायला नको का? पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे ५ टक्के लोखंड आहे. आमच्या कोकणातला जांभा लाल आहे तो लोखंडाच्या ऑक्साइडांमुळे. म्हणजे परीला रत्नागिरीत पाऊल टाकता येणार नाही. काही लेखक पऱ्यांच्या रक्तात लोखंडाऐवजी तांबं घालतात. ऑक्टोपसचं रक्त तसं असतं, निळं. तेव्हा ही सोय निसर्गातही आहे. काही जण म्हणतात, धातुरूपातलं, माणसाच्या हातून गेलेलं लोखंडच तेवढं बाधतं. मला हे दुसरं उत्तर जुन्या गोष्टींच्या जवळचं वाटतं.

नातीची सुरुवात टोल्किनपासून झाली होती. त्याच्या एल्फांना लोखंडाचं काही नाही. ते स्वतःच पट्टीचे लोहार आहेत. पण टोल्किनच्या मोठ्या कादंबरीचा पहिला भाग निघाला त्याच १९५४ साली पोल अँडरसन या अमेरिकी लेखकाची ‘द ब्रोकन स्वोर्ड’ आली. तिच्यातले एल्फ लोखंडाला हात लावू शकत नाहीत. म्हणून त्यांचा सरदार काय करतो, तर माणसाचं तान्हं मूल चोरून आणून वाढवतो, कारण ते मोठं होऊन लोखंड धरू शकेल. बाळं का चोरतात, या जुन्या प्रश्नाला अँडरसननं लोखंडाच्या नियमातूनच उत्तर काढलं. ते पोर एल्फांमध्ये लाडात वाढतं, पण ते त्यांना हवं असतं ते हातासाठी. अँडरसन भौतिकशास्त्र शिकलेला. ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’मध्ये त्याचे परीलोकीचे सरदार लोखंड वर्ज्य म्हणून हलक्या धातूंवर भागवतात, आणि नायकाला मॅग्नेशियमचा खंजीर मिळतो. मॅग्नेशियम पेटलं की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. प्रयोगशाळेत मी ते मुलांना दरवर्षी दाखवत असे. ‘ऑपरेशन केऑस’ या १९७१ च्या पुस्तकात तर लोखंडाच्या चुंबकीय परिणामावर उतारा सापडतो आणि जगात जादू परत येते.

या सगळ्यांत मला सर्वांत पटला टेरी प्रॅचेट, ‘लॉर्ड्स अँड लेडीज’, १९९२. खरं तर तो विनोदी लेखक. कबुतरांना आणि आणखी काही पक्ष्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जाणीव असते, हे आपल्याला ठाऊक आहे. प्रॅचेटच्या एल्फांची तीच मुख्य जाणीव आहे. आपण कुठे आहोत, बाकी सारं कुठे आहे, हे त्यांना क्षणोक्षणी कळतं, आणि त्यातूनच त्यांची मिजास येते. जवळ लोखंड आलं की ते क्षेत्र विस्कटतं. भाजत नाही, जळत नाही. एकदम कुठंच काही कळेनासं होतं. आंधळ्या-बहिऱ्यासारखं, एकटं. ज्याला एकटेपण माहीतच नाही त्याला ते किती भयंकर वाटेल! दोन जगांमधलं दारही त्यानं उल्केच्या लोखंडाच्या दगडांचं वर्तुळ करून बंद ठेवलं आहे. पुढे २००३ च्या एका पुस्तकात तर नऊ वर्षांची मुलगी परीराणीच्या राज्यात शिरते ती लोखंडी तवा घेऊन.

"स्टेनलेस स्टीलचा चालेल का?" नातीनं विचारलं. हा प्रश्न मला फार आवडला. आपल्या ताटवाट्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, आणि उरलेलं जवळजवळ सगळं लोखंडच. पण त्याच्या कणांची रचना अशी असते की चुंबक त्याला नीट चिकटत नाही. तेव्हा कर्कच्या मंडळींना ते बाधेल, प्रॅचेटच्या एल्फांना बाधणार नाही. आजच्या स्वयंपाकघरात प्रॅचेटचा एल्फ खुशाल वावरेल, बिडाचा तवा काढेपर्यंत.

अलीकडच्या लेखकांनी नियम उलटवलाही आहे. होली ब्लॅकच्या गोष्टींत माणसांच्या जगालाच ‘आयर्नसाइड’ म्हणतात. शहरात नुसतं वावरूनही पऱ्या आजारी पडतात. जूली कागावाच्या २०१० च्या ‘द आयर्न किंग’मध्ये यंत्रांच्या स्वप्नांतून जन्मलेल्या, लोखंडाच्याच पऱ्या येतात आणि जुन्यांना मारतात. ‘मॅलेफिसेंट’ हा २०१४ चा सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तिथं लहानपणी परीचा हात मुलाच्या लोखंडी अंगठीनं भाजतो आणि तो मुलगा ती अंगठी फेकून देतो. मोठा झाल्यावर तोच लोखंडी साखळीनं तिचे पंख छाटून नेतो. त्यातली भाजण्याची चित्रं मी विसरले, फेकलेली अंगठी विसरले नाही.

आणि रुड्यार्ड किपलिंग, आपल्या मुंबईत १८६५ मध्ये जन्मलेला. ‘रिवॉर्ड्स अँड फेअरीज’ या १९१० च्या पुस्तकात त्याची लोखंडावर एक गोष्ट आहे. परीलोकात वाढवलेल्या माणसाच्या मुलाला कोणतं लोखंड पहिल्यांदा हाती लागतं त्यावर त्याचं नशीब ठरायचं असतं. तलवार लागावी, राजदंड लागावा, असं त्याला वाढवणाऱ्यांना वाटत असतं. त्याला वाटेत मिळतं गुलामाच्या गळ्यातलं कडं. तो ते हौसेनं गळ्यात घालतो आणि ते बंद होतं. किपलिंगचं म्हणणं साधं आहे: लोखंड प्रत्येक घरात असतं, आणि त्याच्या आत जन्माला येणं म्हणजे माणूस असणं.

त्याच १९१० साली आयर्लंडमध्ये मायकेल क्लिअरी नावाचा माणूस तुरुंगातून सुटला. त्याची बायको ब्रिजेट, टिपररी परगण्यातल्या बॅलीवाडली गावची, कपडे शिवणारी, २६ वर्षांची. १८९५ च्या मार्चमध्ये ती तापानं आजारी पडली. नवऱ्याच्या मनानं घेतलं की ही आपली बायको नव्हे, टेकडीतल्यांनी बदलून ठेवलेली कुणीतरी आहे. तिला काढे पाजले, चुलीच्या निखाऱ्यांवर धरलं, आणि शेवटी नवऱ्यानं तिला जाळलं. घरात तिचे वडील होते, नात्यातली भावंडं होती. नंतर तो काळ्या मुठीची सुरी घेऊन टेकडीवरच्या जुन्या गढीपाशी रात्री थांबला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल, आपण दोर कापून तिला सोडवू, अशी त्याची समजूत होती. उंबऱ्यात खंजीर रोवणाऱ्या त्या आयला बेटाच्या लोहाराची गोष्ट वाचताना मला जी गंमत वाटली होती, ती इथं संपली.

आता माझ्या उशाखालचं लोखंड. १९७९ साली मी बाळंतपणाला माहेरी गेले होते, संगमेश्वर तालुक्यात. दवाखान्यातून चौथ्या दिवशी घरी आले. रात्री कूस बदलताना उशीखाली काहीतरी टोचलं. अडकित्ता! मी तो काढून कोनाड्यात ठेवला. सकाळी परत उशीखाली. असं दोन रात्री झालं. तिसऱ्या रात्री मी चिडले. "आई, मी लोखंड शिकवते गं वर्गात," असं काहीबाही बोलले. आई शांतपणे म्हणाली, "तुझ्या आधी एक मुलगा होता. त्याच्या वेळी उशाशी काही ठेवायचं राहून गेलं." आठव्या दिवशी बाळाचा जबडा मिटला, दूध ओढेना, अंग धनुष्यासारखं वाकलं. सटवाईनं नेला, असं सगळे म्हणाले.

तो धनुर्वात होता. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. गंज स्वतः विषारी नसतो. पण गंजलेल्या पात्याच्या खाचांत माती बसते, आणि त्या पात्यानं नाळ कापली की जंतू आत जातात. लक्षणं दिसतात बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटी, आपल्या पाचवी-सटवीच्या आगेमागे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला दूर समुद्रात सेंट किल्डा बेट आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात बाळांमागून बाळं अशीच जात, आणि त्या दुखण्याला लोक ‘आठ दिवसांचं दुखणं’ म्हणत. १८९० च्या दशकात तिथल्या पाद्र्यांनी बाळंतपणात जंतुनाशक वापरायला लावल्यावर ते थांबलं. भारतातून नवजात बालकांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर झालं ते २०१५ मध्ये. आजारानं बदललेल्या बाळांवरूनच ‘बदललेल्या’ पोरांच्या गोष्टी आल्या असाव्यात, असं काही अभ्यासक मानतात.

नाळ कशानं कापली होती, हे मी त्या रात्री आईला विचारलं. "विळ्यानं," ती म्हणाली. "चांगला धुऊन घेतला होता."

मी पुढं काही बोलले नाही. अडकित्ता उशीखाली ठेवला आणि बाराव्या दिवसापर्यंत तिथंच राहू दिला. आई गेली तोपर्यंत, म्हणजे आणखी २६ वर्षं, मी तिला काही सांगितलं नाही.

नातीला सांगितलं. तिनं तिसरं प्रकरण काढून टाकलं. माणसांतली सुईण परीच्या बाळंतपणाला जाते, अशा गोष्टी तिकडे पुष्कळ आहेत. त्यातली एक तिनं धरली आहे. आता तिच्या गोष्टीत टेकडीतली राणी अडली आहे, आणि नाळ कापायला सुईणीजवळ लोखंडाशिवाय काही नाही. पुढं काय होतं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. परवा फोनवर एवढंच विचारलं, की अडकित्त्याचं वजन किती असतं. मी आईचा अडकित्ता काढला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १९० ग्रॅम भरला.